दोनदा साखर पडलेल्या बाटल्या

इल्गाच्या घरी कितीतरी वर्षं बिअर केली नव्हती. का, ते अख्ख्या गावाला माहीत होतं. तळघरात एक बाटली फुटली होती आणि काच तिच्या नवऱ्याच्या, आर्नोच्या, डाव्या डोळ्यात गेली होती. डोळा गेलाच. त्या दिवशी इल्गाने बिअरचं मोठं पातेलं पालथं घातलं ते घातलंच.

यंदा जत्रेसाठी हट्ट धरला तो आर्नोनेच. "दुकानातली पिऊन जीभ मेली माझी. करतेस की शेजारणीला सांगू?"

केली बाई. दक्षिण ब्राझीलमधली ती जर्मन वस्ती, उन्हाळा तोंडावर, घाम नुसता. बिअर आंबून शांत झाली तशी इल्गाने साखरेचं पाणी उकळलं, गार केलं आणि बिअरच्या टबात ओतून हलक्या हाताने ढवळलं. बाटलीत फेस धरतो तो या शेवटच्या साखरेवर. कमी पडली तर बिअर मिळमिळीत, जास्त झाली तर बाटली फुटते. म्हणून तिने दोनदा मोजून घेतली होती.

आता बाटल्या भरणार, तोच चर्चची घंटा वाजायला लागली. मयताची. ही घंटा वाजली की हातातलं टाकून अंगणात यायचं, टोल्यांवरून गेलेल्याचं वय ओळखायचं, ही तिथली रीत. इल्गा बाहेर गेली. मदतीला आलेली नणंद लुद्विना कानाने अधू, तिला घंटा ऐकूच आली नाही. ती आतच राहिली.

मग दोघींनी मिळून बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, सुतळीने करकचून बांधली आणि तळघरात रचल्या.

तीन-चार दिवसांनी कॉफी पिता पिता लुद्विना म्हणाली, "तू साखर विसरलीच होतीस बघ. तू बाहेर गेलीस तेव्हा मी रिकाम्या बाटल्यांत चमचा चमचा घालून ठेवली. आई घालायची तशी."

इल्गाने कप खाली ठेवला. काळपट काचेच्या बाटल्या, तळाची साखर दिसणार कशी?

"मी टबात घातली होती गं."

"काय?"

"टबात घातली होती," इल्गा तिच्या कानाशी ओरडली.

आर्नो उठला. "मी जातो खाली."

"बस गुपचूप."

"अगं, एकच डोळा आहे. नुकसान झालं तरी निम्मंच."

"हे असलं बोललास ना, तर तुला कोठारात कोंडून जाईन."

तिने त्याचा वेल्डिंगचा मुखवटा चढवला, जाड कोट घातला, वर ॲप्रन बांधला, ओल्या गोण्या घेतल्या आणि एकटीच पायऱ्या उतरली. बाटल्यांवर गोणी टाकायची, खालून हात घालून सुतळी कापायची, बूच हळूच सैल करायचं, हवा गेली की पुन्हा ठोकून बांधायचं. पहिलं बूच गोणीसकट उडालं. ती भिंतीकडे सरकली. पण बाटली शाबूत होती, नुसता फेस वाहत होता. दुसरी फसफसली. तिसरीही.

"काय झालं?" वरून आर्नो.

"काही नाही. तू दारातून हल."

तो काही हलला नाही. प्रत्येक फुस्स ऐकू आलं की वरून त्याचा सुस्कारा यायचा.

शेवटच्या बाटलीतली हवा सोडून ती वर आली तेव्हा कोपरापर्यंत फेसाने चिकट झाली होती. एकही फुटली नव्हती. मुखवटा काढला आणि पायरीवर बसून ती इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं.

आर्नोने तिच्या बाहीवर बोट फिरवून चाखलं. "गोड आहे अजून."

"होईल कमी. रोज हवा सोडावी लागेल."

"मग उद्या मी जातो."

"उद्याही मीच," ती म्हणाली, आणि फेसाने ओल्या झालेल्या ॲप्रनने उगीचच त्याचं कोरडं तोंड पुसत राहिली.