आपल्याच माणसाविषयी, चारचौघांत

दोन हजार सहाच्या मे महिन्यात माझ्या अकरा वर्षांच्या मुलीनं जेवताना जाहीर केलं, की ती एका बेसबॉल संघाच्या मालकाला पत्र लिहिणार आहे. आमटी-भात निवत होता. मी विचारलं, कशाबद्दल. तिनं शाळेच्या वाचनालयातून छापून आणलेला बातमीचा कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला.

टेक्सासमधल्या शुगर लँडला येऊन आम्हाला दोन वर्षं होत आली होती. त्याआधी उत्तरेकडच्या एका थंड शहरात होतो. माझी नोकरी बदलली आणि तिच्या मैत्रिणी, शाळा, बर्फ, सगळं मागे राहिलं. बरोबर आला तो फक्त तिथला बेसबॉलचा संघ. इथला संघ तिनं आपला मानलाच नाही. त्या जुन्या संघात पहिल्या बेसवर उभा राहणारा एक उंच, संथ खेळाडू तिचा फार लाडका. ती स्वतः शनिवारी सकाळी मुलींच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये खेळायची. शर्टावर त्याचाच नंबर मागून घेतला होता, आणि बॅट धरायची ढबही त्याचीच उचलली होती. उजवं कोपर पार कानापर्यंत वर.

त्या वर्षी त्याचं काहीतरी बिनसलं होतं. महिना झाला तरी धड एक फटका नाही. आणि आता त्याच्याच क्लबचे अध्यक्ष आणि मॅनेजर दोघंही पत्रकारांसमोर बोलले होते. याला खेळायची भूक उरली आहे का ते आधी यानं ठरवावं, असा एकाचा सूर. दुसऱ्यानं तर त्याच्या पोटाच्या घेरावरही बोट ठेवलं होतं.

"बट दे आर ऑन हिज साइड, बाबा!" मुलगी म्हणाली. "दे आर हिज ओन टीम."

मी लगेच त्या अध्यक्षांची बाजू घेतली. कोणी विचारलं नव्हतं, पण मला गप्प बसवत नाही. आपला माणूस आहे म्हणूनच बोलतात, म्हटलं. परक्याला कशाला पडलंय? गोड बोलणाऱ्यांवर माझा मुळात विश्वास कमी. ऑफिसात माझा साहेब उठसूट सगळ्यांना 'ग्रेट जॉब' म्हणायचा. वार्षिक मूल्यमापनात त्यानं माझं भरभरून कौतुक केलं, तेव्हा मी चार दिवस अस्वस्थ होतो, की आता हा मला काढतोय की काय. ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला, त्यामुळे नोकरी गेली असती तर गाशा गुंडाळूनच परत जावं लागलं असतं. असं काही डोक्यावर टांगलेलं असलं की माणसाला स्तुतीचासुद्धा धसका बसतो.

मुलीनं कागदाची घडी घातली आणि उठून गेली. बायको म्हणाली, तुला कोणी अध्यक्ष केलंय का?

त्याच शनिवारी संध्याकाळी एका डॉक्टर काकांकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन जायचं जेवण. हे काका नागपूरचे, तीस वर्षांपूर्वी आलेले, आता निवृत्त. आम्ही नंतर आलेली आयटीवाली मंडळी त्यांच्याकडे हक्कानं जमायचो. काकांची नात त्याच लीगमध्ये खेळायची, त्यामुळे त्यांनी माझ्या मुलीचा खेळ पाहिला होता. काकू स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होत्या आणि आम्ही पाच-सहा जण ओट्याभोवती उभे होतो. काका मला म्हणाले, काय थ्रो आहे रे तुझ्या पोरीचा, सरळ रेषेत जातो.

आता इथे 'हो ना' म्हणून गप्प बसायचं असतं, हे मला कोणी शिकवलंच नाही. आमच्याकडे कोणी आपल्या मुलाला चांगलं म्हटलं, की ताबडतोब ते पुसून टाकायचं. नाहीतर बाप शेफारला असं लोक म्हणतात, पोर शेफारतं ते वेगळंच. मी म्हणालो, "कसलं हो काका. फेकते ठीक, पण बॅटला बॉल लागेल तर शपथ. तीन आठवडे नुसती हवा कापतेय."

सगळे हसले. हसले की मला चेव येतो, हा माझा जुना दोष. काकूंचं दुसरं लाटणं ओट्यावर पडलं होतं. मी ते उचललं, कोपर कानापर्यंत नेलं, पार्श्वभाग मागे काढला, डोळे गच्च मिटले आणि स्वतःभोवती गिरकी घेतली. पीठ उडालं. काका डोळे पुसत हसत होते. मी म्हणालो, आमच्या ध्यानाला अजून संघात ठेवलंय, ही कोचची कृपा.

गिरकी घेऊन थांबलो तेव्हा माझं तोंड दाराकडे होतं. दारात मुलगी उभी होती, हातात कागदी ताटली घेऊन. बहुतेक पुरी घ्यायला आली होती. ती मराठी बोलायचं टाळायची, म्हणून आम्ही सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं की तिला फारसं कळत नाही. पण लाटण्याला कुठली भाषा लागते? तिनं ताटली होती तिथेच ठेवली आणि ती वळली.

पुढच्या शनिवारी ती गणवेश न घालता खाली आली आणि टीव्हीसमोर बसली. म्हणाली, मी खेळणं सोडलंय, कोचला आईनं फोन केलाय. मी आधी रागावलो. एवढ्याशा थट्टेनं कोणी खेळ सोडतं का, आमच्या वेळी आम्ही काय काय ऐकून घेतलं. तिनं आवाज वाढवला, टीव्हीचा. मी बागेत गेलो, आत आलो, गाडी धुतली, पुन्हा आत आलो. ती हललेली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. शहर बदललं तेव्हा या मुलीचं सगळं काढून घेतलं होतं. उरलेलं हे एवढंच तिचं होतं, आणि ते मी पाच-सहा माणसांना हसवण्यासाठी घालवलं होतं.

बुधवारी तिला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. पाऊण तासाचा रस्ता, बाहेर रखरखीत ऊन, ती मागच्या सीटवर. माफी मागायची असं घरातून ठरवून निघालो होतो, पण तोंडातून निघाली ती माझ्या वडिलांची गोष्ट. ते शिक्षक होते. पाहुण्यांसमोर मला कधी चांगलं म्हणाले नाहीत. बोर्डात चांगले मार्क मिळाले तेव्हा शेजाऱ्यांना म्हणाले, पेपर सोपे होते. अमेरिकेला निघालो तेव्हा म्हणाले, तिथे जाऊन तरी काय दिवे लावणार आहे. ते गेले आणि त्यानंतर त्यांच्या शाळेतले एक जुने सर मला भेटले. त्यांनी सांगितलं, की वडील शिक्षकांच्या खोलीत रोज माझ्याबद्दलच बोलत. माझी पत्रं खिशात घेऊन फिरत, वाचून दाखवत. ही गोष्ट मी आजवर अनेकांना सांगितली आहे आणि दर वेळी ऐकणाऱ्याचे डोळे पाणावले आहेत. प्रेम असंही असतं, असं मी तिला म्हणालो.

आरशात ती खिडकीबाहेर बघताना दिसत होती. मला वाटलं, पटलं तिला.

मग ती म्हणाली, स्वच्छ मराठीत, "म्हणजे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. तुला सोडून."

मी सिग्नलला थांबलो होतो. तो हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला, तरी माझा पाय हलेना. चाळीस वर्षांच्या माणसाला आपल्याच गोष्टीचा अर्थ अकरा वर्षांच्या मुलीनं सांगावा, आणि तो खरा असावा. मला वडिलांचा भयंकर राग आला. आणि पुढच्याच क्षणी कळलं, की गेल्या रविवारी फोनवर मी आईला सांगत होतो, तुझी नात काय बॉल फेकते म्हणून सांगू! तेव्हा मुलगी घरात नव्हती. ती घरात नाही, याची खात्री करूनच मी बोललो होतो.

"माझं चुकलं," मी म्हणालो. एवढंच जमलं.

 दातांच्या डॉक्टरकडून परतताना तिनं अट घातली. शनिवारी ती खेळेल. मी तिला सोडायचं आणि गाडीतच बसायचं. मैदानाजवळ यायचं नाही.

शनिवारी नऊ वाजता मी पार्किंगमध्ये गाडीत बसलो. दहा मिनिटं बसलो असेन. एसी लावला, बंद केला, रेडिओ लावला. रेडिओवर तिच्या त्या खेळाडूची बातमी होती, त्याला खालच्या संघात धाडलं होतं. तिला हे सकाळीच कळलेलं असणार, तरी ती खेळायला आली होती. मग मला गाडीत राहवेना. एका गाडीपासून दुसऱ्या गाडीपर्यंत येरझाऱ्या घालत घालत मी तिसऱ्या बेसमागच्या जाळीशी कधी पोचलो, कळलंच नाही. ती तिसऱ्या बेसवरच उभी होती, माझ्याकडे पाठ करून, दहा-बारा पावलांवर.

बॉल तिच्याकडे आला. तिनं तो उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला. सरळ रेषेत. शेजारी घडीच्या खुर्चीत बसलेल्या एका गोऱ्या गृहस्थानं शीळ घातली आणि मला विचारलं, यातली तुमची कोण? मी बोट दाखवलं. तो म्हणाला, फार छान हात आहे तिचा.

माझी जीभ तयारच होती. फेकते ठीक, पण बॅटिंग बघा म्हणजे कळेल, हे वाक्य मला इंग्रजीतही तोंडपाठ होतं. मी जाळी घट्ट धरली.

"येस," मी म्हणालो, मुद्दाम जरा मोठ्यानं. "शी इज गुड."

पुढे काहीच जोडलं नाही. कपडे न घालता बाहेर आल्यासारखं वाटत होतं. त्या गृहस्थाला त्यात काही विशेष वाटलं नाही, त्यानं पाण्याची बाटली उघडली. मुलीनं मागे वळून पाहिलं नाही. फक्त ग्लव्हमध्ये दोनदा मूठ आपटली आणि गुडघ्यांत वाकून पुढच्या बॉलची वाट बघत राहिली.

तिची बॅटिंग आली तेव्हा तिनं कोपर कानापर्यंत नेलं, तसंच, अजिबात खाली न आणता. तीन बॉल, तिन्ही हुकले. आउट. हेल्मेट काढून परत जाताना ती वाट वाकडी करून जाळीपाशी आली. तोंड लाल झालं होतं. मला वाटलं, गाडीत जा म्हणेल. मी किल्ली खिशातून काढलीसुद्धा.

"अजून एकदा बॅटिंग आहे माझी," ती म्हणाली. "थांब."