डोहाळजेवण आणि आईने लपवलेला डबा

मैत्रिणींनो, आज दुपारी आमच्या नेरूळच्या सोसायटीत माझं डोहाळजेवण झालं. सातवा महिना चालू आहे आणि गरोदरपणातच शुगर निघालीये. रोज जेवणाआधी पोटात इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं.

फुलांचे दागिने घालून बसले. समोर दोन झाकलेल्या वाट्या आल्या. सगळीकडे एकीत पेढा असतो, दुसरीत बर्फी. मी एक उघडली तर खारे दाणे! दुसरीत भाजलेले चणे. सासूबाईंनीच ठेवले होते, काळजीपोटी. सगळ्या हसल्या. मीही हसले.

"डोहाळे कसले लागलेत गं?" एकीने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत दुसरी म्हणाली, "तिला काही चालत नाही हो." अगं, मला बोलू तरी द्या!

साडी बदलायला आत गेले तर आईच्या पिशवीत तळाशी, टॉवेलखाली स्टीलचा डबा दिसला. नारळाच्या वड्या! शुगरचं माहीत असूनही चिपळूणहून निघताना तिला राहवलं नसणार. मी झाकण उघडलं, तेवढ्यात आई आत आली. मला वाटलं ओरडेल. ती हळूच म्हणाली, "वासाने नाय ना गो वाढत शुगर?"

डबा मधे धरून आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मग तिनेच झाकण लावलं.

डिलिव्हरीनंतर ज्यांची शुगर उतरली, त्यांनी सांगा ना, पहिला गोड घास कशाचा खाल्लात? आणि कोणी भरवला?