बिनमिठाची सोलकढी

माझा धाकटा भाऊ टेंपो चालवायचा. इन्सुलीचा नाका ओलांडून गोव्यात माल उतरवायचा आणि तिथंच बसून प्यायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. लग्न झालं नाही, घर झालं नाही, आणि शेवटी पोट पाण्याने फुगलं तेव्हा कपड्यांची एक पिशवी घेऊन पिंगुळीजवळ माझ्याकडे राहायला आला. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, एकटी, स्वभावाने जरा जास्तच हेडबाई. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. दारूचा थेंब नको आणि मीठ बंद. मला वाटलं, दोनच ना. वर्गभर पोरं नुसत्या डोळ्याने गप्प बसवलेली मी, एका भावाला वळण लावायला कितीसा वेळ लागणार.

दारूचा बंदोबस्त मी जय्यत केला. परसात काजूची झाडं आहेत, पण त्या वर्षी एक बोंड घरात येऊ दिलं नाही. बोंडांचा रस सकाळी काढला तर सरबत असतो, संध्याकाळपर्यंत त्याला फेस येतो, आणि पुढचं आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. भावाने रिकामा करून ठेवलेला प्रत्येक पेला मी नाकाशी नेऊन हुंगायची. त्याला ते दिसायचं.

मग जेवणखाण. सकाळी नाचणीचं आंबील. रात्री ताकात भिजवलेलं पीठ मंद आचेवर शिजवायचं, वरून जिरं आणि मिठाऐवजी लिंबू. दहा वाजता उकड्या तांदळाची पेज, त्यात ओलं खोबरं. दुपारी भात आणि कुळथाची पिठी, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी. तहान लागली की गवती चहा आणि आल्याचं पाणी. लोणचं, पापड, सुकी मासळी, सगळं मी उचलून शेजारी देऊन टाकलं. त्याच्याबरोबर मीसुद्धा अळणी जेवले. माझी जीभ पहिल्या आठवड्यातच वैतागली होती, त्याची काय अवस्था झाली असेल.

जेवणावर मात्र पेलाभर सोलकढी, दोन्ही वेळा. ती माझी शान. आमच्या बचत गटाचं आगळ मीच करत असे. रातांबे, म्हणजे ताजी कोकमं, फोडायचे, बरणीत खड्या मिठाबरोबर थर लावायचे, रोज लाकडी डावाने हलवायचं आणि आठवड्याने गडद लाल रस गाळून घ्यायचा. महिलांच्या मेळाव्यात उभी राहून मी सांगितलं आहे, बायांनो, घरातल्या पुरुषांना बाटलीऐवजी हे द्या. नारळाच्या रसात दोन डाव आगळ, लसूण, मिरची, कोथिंबीर, झालं. घरात बाकी कशाला चव उरली नव्हती, पण कढी आली की भाऊ सरळ होऊन बसायचा. पेला दोन्ही हातांनी धरायचा. मला वाटायचं, माझ्या हाताला यश येतंय.

पोट मात्र उतरेना. इस्पितळात सुईने पाणी काढायचे, पंधरा दिवसांत पुन्हा तेवढंच. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, चोरून काही खातो का? मी रागाने सगळा आहार धडाधडा म्हणून दाखवला. पट्टी बांधणारी नर्स आमच्याच बाजूची होती. ती हळूच म्हणाली, "काकी, कढी सुक्या सोलांची काय आगळाची?"

"आगळाची. घरच्या."

"मगे तेच्यात मीठच आसता मां."

कढीत मीठ घालायला माझा हात आयुष्यात कधी गेला नव्हता, कारण आगळात ते आधीच असतं. हात गेला नाही म्हणून ती माझ्या लेखी बिनमिठाची. बरणीत मुठीमुठीने मीठ घालणारी मी, आणि पेल्यात मीठ नाही म्हणून शपथ घेणारीही मीच. कढी रोज चाखायचे. खारटपणा लागत असणारच. पण सोलकढीची चव ती तशीच, तिच्यात वेगळं मीठ शोधायचं मला सुचलं नाही. इस्पितळाच्या त्या बाकावर मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

डॉक्टर भले माणूस. म्हणाले, बाई, मनाला लावून घेऊ नका, लिव्हर येतानाच संपलेलं होतं, एवढ्याने फार फरक पडला नसेल. हे ऐकून बरं वाटावं, पण मला त्याने जास्तच उचकवलं. फरक पडला असेल तर मी त्याचं नुकसान केलं. पडला नसेल तर माझं आंबील, माझी पेज, माझं सगळं राबणं फुकट. दोन्हीतलं कुठलं खरं मानून जगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी आल्यावर मी आगळाची बरणी मोरीत ओतली. भाऊ खाटेवरून बघत होता.

"माका पयल्याच दिवशी कळलां होतां," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"तू इतक्या हौशेन करी होतंस. आणि दिसभरात तेवढीच एक चव होती गो."

मी त्याच्यावर ओरडले. नको ते बोलले. दारूसारखंच हेही चोरून प्यालास, असं म्हणाले. त्याने तोंड भिंतीकडे केलं. पुढचा महिना कढी बंद. तो दोनदा मागून बसला, मी दोन्ही वेळा नाही म्हटलं, आणि दोन्ही वेळा मला आपण शहाण्यासारखं वागलो असं वाटलं.

महिन्याने डॉक्टर म्हणाले, आता त्याला आवडेल ते द्या. याचा अर्थ मला कळला आणि त्यालाही कळला. घरी येऊन मी शेजारणीकडून वाटीभर आगळ आणलं, नारळ खवला, रस काढला, लसूण ठेचली. पेला त्याच्या हातात दिला. त्याने दोन घोट घेतले, थोडं थांबून आणखी एक घेतला, आणि पेला खाली ठेवला.

"ताई, आता चव लागणा नाय," तो म्हणाला.

मी त्याला वाचवू शकले नाही, ते माझ्या हातात नव्हतंच म्हणतात. पण हा पेला एक महिना आधी देणं माझ्या हातात होतं.