भुरूचा कडू घास

माझ्या मावसाजींइतका हट्टी माणूस अख्ख्या भिलाईत नव्हता. आणि पोलाद कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत भिलाईत देशभरातले हट्टी येऊन उतरले होते, हे लक्षात घेऊनच मी लिहितो आहे. साकोलीकडची शेती भावाच्या हवाली करून मावसाजी कारखान्यात रिगर झाले. दिवसभर क्रेनखाली उभे राहून भट्टीचे अजस्र लोखंडी भाग जागच्या जागी बसवायचे आणि घरी आले की त्याच हातांनी पाट्यावर कडुनिंब वाटायचे. कुणासाठी? कुत्र्यासाठी!

कुत्र्याचं नाव भुरू. त्याच्यासाठी मरोद्याच्या तलावाच्या बांधावरून भुईनीम, म्हणजे कडुनिंबाहूनही कडू पाला, सायकलच्या कॅरिअरला बांधून येई. सेक्टर सहाच्या क्वार्टरला लोकांनी मोगरा लावला, मावसाजींनी गुळवेल चढवली. हा सगळा पाला ज्वारीच्या पिठात कालवून त्याचा गोळा करायचा आणि पहाटे, घर झोपलेलं असताना, भुरूला खाऊ घालायचा. "कडू खानारा कुत्रा पिसाळत नाही, बापू," ते मला सांगत. "गोडानं रक्त बिघडते. मानसाचंबी." मी तेव्हा अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या आमच्या मंडळाची पत्रकं घरोघर वाटत होतो. 'कुत्रा चावला? आधी दवाखाना!' असं वर ठळक छापलेलं. मावसाजींनी दहा-बारा पत्रकं आवडीनं मागून घेतली, तेव्हा मला वाटलं, माणूस सुधारला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर अंगणात त्या पत्रकांवर भुईनीम वाळत घातलेला!

एकदा भुरूनं पोस्टमनची पोटरी धरली. मावसाजी पोस्टमनचं अभिनंदन करायला गेले. "भुईनीमवाला कुत्रा हाय, साहेब. सुई कावून घेता? उलट तुमचंच रक्त साफ होईन!" त्या बिचाऱ्याला ते पटतही चाललं होतं. मी त्याला सायकलवर घालून दवाखान्यात नेलं आणि पोटातली सगळी इंजेक्शनं संपेपर्यंत पिच्छा सोडला नाही. अशा माणसांमुळे देश मागे राहतो, असं मी मावसाजींना तोंडावर सांगितलं. "देश पुढं जाऊन राहिला न," ते म्हणाले, "मी रोज साखळीनं ओढतो त्याले."

मग भट्टी पेटवायचे दिवस जवळ आले आणि मावसाजींना डबल ड्यूटी लागली. पहाटेच्या आधी घर सोडायचे. गोळा करून ठेवून जात. तो भुरूपुढे ठेवायचं काम मावशीकडे आलं. पाचव्या दिवशी मावशीनं मला बोलावलं. "पाय रे बापू, यानं कायलेच तोंड लावलं नाही. गोळा नाही, पोळी नाही."

मी म्हणत होतोच, हा पाला एक दिवस भोवणार! भुरूला टोपलीत घालून दुर्गच्या गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि वाटेत जुळवलेलं भाषण त्यांना ऐकवलं. त्यांनी भुरूचं पोट दाबलं, जीभ पाहिली. "बिमारी काही नाही. उपाशी आहे. खाऊ घाला." घरी आणून दूधभात दिला. भुरूनं हुंगून तोंड फिरवलं. दोन दिवसांनी तो उठेनासाच झाला.

रविवारी मावसाजी दुपारी सुटले. मी दारातच गाठलं. "तुमच्या पाल्यानं मारलं त्याला!"

मावसाजी बूटही न काढता भुरूपुढे जमिनीवर बसले, गोळ्याचा मोठा लचका तोडला, चावून चावून गिळला आणि उरलेला पुढे ठेवला. भुरूनं मान उचलली आणि खाऊ लागला.

मावशी बघतच राहिली. "तुम्ही हे रोज खाता?"

"पिल्लू होता तवापासून. इतकं कडू, मी न खाता त्याले कसं म्हनू, खा?" त्यांनी भुरूच्या पाठीवरून हात फिरवला. "पन हा असा थांबून राहीन, हे मले का मालूम."

डबल ड्यूटीचे आठ दिवस अजून बाकी होते. मावसाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"मी कडू पाल्याच्या विरोधात आहे," मी म्हणालो.

"हो न. मंग दूधभात खा त्याच्यापुढं. खाते का पाय."

दुसऱ्या सकाळी मी पत्रकांचा गठ्ठा पायरीवर ठेवला आणि भुरूसमोर बसून वाटीभर दूधभात खाल्ला. भुरू भिंतीकडे बघत राहिला. शेवटी मी गोळा उचलून घास तोडला. जीभ आखडून घशात गेली, डोळ्यांत पाणी आलं. पण भुरू माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता, म्हणून तोंड वाकडं न करता गिळलं. मग तो थरथरत उठला, जवळ आला आणि माझ्या हातातला उरलेला गोळा सावकाश खाऊ लागला. सेक्टरभर इतके महिने हिंडलो, पण माझं म्हणणं इतक्या विश्वासानं तोवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं.