कमळूने हाकारा दिला नाही

डोंगरातल्या वाडीत राहून नाचणी पिकवणाऱ्या माणसाची स्वतःची फुटबॉलची टीम असते, हे तुम्हाला पटतं का? खरं सांगा. नाही ना पटत? यांना कुठलं आलंय फुटबॉल, यांना म्हशाच्या जत्रेतले बैल कळतात, असंच आलं ना मनात? बैल कळतातच. म्हणून दुसरं काही कळू नये असा कायदा आहे काय?

टोकावड्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथला कमळू किती तरी वर्षं मुंबईच्या निळ्या टीमचा आहे. टीम हरली की तो दोन दिवस भाकरीशी भांडतो. बायको सकुबाई विचारते, "कोन मेलं?"

कमळूचं काम राखणीचं. नाचणीची कणसं भरायला लागली की रानडुकरं खाली उतरतात. मग रानात चार खांबांवर माळा बांधायचा, वर बसून रात्र जागवायची आणि खाली झाडी हलली की हाकारा द्यायचा. बाकीचे देतात तो हाकारा, कमळूचा म्हणजे वेगळंच प्रकरण. "हाऽऽऽय होऽऽऽ" अशी ती हाक निघाली की समोरच्या कड्यावर आपटून परत येते. डुकरं पळतातच, पलीकडच्या वाडीतली कुत्रीसुद्धा उठून बसतात.

मोबाइलला रेंज मिळते ती माळ्यावरच, त्यामुळे मॅचही त्याने तिथेच बघितल्या. सगळ्यांना गोल मारणारा आवडतो, याला आवडला गोलकीपर. बाकीचे धावतात आणि हा एकटा मागे राहून सारखा ओरडत असतो. पण त्याचा आवाज कधी ऐकू आला नाही. वर ते समालोचक बडबडणार, मागे ढोल वाजणार, आणि कीपरचं नुसतं तोंड हलणार. तरी कमळूने ठरवून टाकलं होतं, "ह्यो आपल्यातलाच. ह्यो पन राखनीला बसलाय."

यंदा नाचणी घरात आली आणि मुरबाडच्या कंपनीत कामाला जाणाऱ्या भाचीने, रंजिताने, तिकिटं काढली. अंधेरीच्या मैदानाची. निळ्या टीमच्या घरची.

बातमी कोंडूच्या ढाब्यावर पोचली. माळशेजच्या रस्त्याला लागून कोंडूचा ढाबा आहे आणि तिथे टीव्ही आहे. कोंडू म्हणाला, "जातोस तं जा. पन तू खरंच गेलास हे आमी कसं धरायचं? कल्याणला वडापाव खाऊन मागं फिरलास तर?"

कमळूचं डोकं सटकलं. "टीवी लावून बस. असा हाकारा देईन का तुज्या टीवीची काच तडकंल."

"अरे, तिथं हजारो लोकं बोंबलत असतील," शेजारचा धर्मा म्हणाला. "त्यात तुजा आवाज वळखायचा कसा?"

"माजा वळखू येल."

चुलीपुढे भाकऱ्या थापणारी गुणाबाई मान वर न करता म्हणाली, "आन नाय आला तर?"

"नाय आला तर मला मुका म्हना. मरंस्तवर."

झालं. सगळ्यांसमोर शब्द गेला. आता हे तुम्हाला हसण्यावारी वाटेल. पण वाडीत कुणाची जमीन मोठी, कुणाची बैलजोडी चांगली. कमळूकडे त्याचा आवाज होता. त्याच्यावर त्याचं नाव चालत होतं, आणि तेच त्याने पणाला लावलं.

मैदानाच्या गेटवर शिपायाने त्याची चुन्याची डबी काढून घेतली. "चुना हाय, बाँब नाय!" कमळू कडाडला. रंजिताने हात धरून त्याला ओढलं. "मामा, गप. आत चला."

एक अंधारा जिना चढून दोघं वर आली आणि कमळू पायरीवरच थांबला. मागच्या माणसाने ढकललं तरी हलला नाही.

समोर हिरवं. इतकं हिरवं की खरं वाटेना. आमच्याकडे त्या दिवसांत डोंगर पिवळे पडलेले असतात. आणि एवढ्या गवतात एक जनावर नाही, कोणी कापायला बसलेलं नाही, गवत नुसतं खेळण्यासाठी ठेवलेलं. वर चारी बाजूंनी दिवे. खेळाडू सरावाला उतरले तर एकेकाच्या पायाशी चार-चार सावल्या. कमळूने आयुष्यभर अंधारात डोळे ताणले होते, काय हलतंय ते ओळखायला. इथे काहीच लपलेलं नव्हतं. गवताचं पातं न पातं दिसत होतं.

"मामा, बसा ना," रंजिता म्हणाली.

"थांब गो जरा," तो म्हणाला. हे बोलतानाही त्याचा आवाज देवळात गेल्यासारखा खाली आला होता.

जागा गोलच्या मागे, अगदी पुढच्या रांगेत. ढोलवाले पार दुसऱ्या टोकाला. पहिल्या अर्ध्या भागात निळा कीपर त्या टोकाला होता, त्यामुळे लांबून एवढासा दिसला. कमळू बघत राहिला. हाकारा द्यायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

मध्यंतरात फोन वाजला. कोंडू. मागे ढाब्यावरचा सगळा हशा ऐकू येत होता. "काय रं, कल्याणलाच उतरलास का? इथं कायबी आवाज नाय!"

"दुसऱ्या हाफला देतो," कमळू म्हणाला. "कान उघडं ठेव."

दुसऱ्या अर्ध्या भागात बाजू बदलल्या. निळा कीपर चालत चालत सरळ त्याच्याकडेच आला, समोरच्या गोलमध्ये उभा राहिला, पाठमोरा. कमळूला त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. कमळू उठला. छाती भरून घेतली. दोन्ही हात तोंडाशी नेले.

आणि कीपर ओरडला. "बायाँ! बायाँ देख!"

घोगरा, फाटलेला आवाज. थंडीत रात्रभर ओरडून पहाटे होतो तसा. इतकी वर्षं तोंड हललेलं बघितलं, आवाज आज आला.

कमळूचे हात तोंडाशीच राहिले. आपण हाकारा दिला तर हा आवाज बुडणार, हे त्याला त्या क्षणी कळलं. आपला आवाज किती मोठा हे त्याच्यापेक्षा कुणाला ठाऊक? तिकडे ढाब्यावर लोक कान देऊन बसलेले, त्यांना दिलेला शब्द. इकडे हा.

त्याने हात खाली घेतले आणि तो बसला.

टीव्ही बॉलच्या मागे धावतो. म्हणून बॉल लांब गेल्यावर कीपर काय करतो, हे कमळूने कधी बघितलंच नव्हतं. कीपर थांबतच नव्हता. चार पावलं पुढे, दोन मागे, बुटाने खांबाला ठोकर, थुंकी, परत नजर पुढे. बॉल दुसऱ्या टोकाला गेला तरी याची राखण चालूच.

शेवटाकडे निळ्या टीमने पलीकडच्या टोकाला गोल मारला. सगळं मैदान उठलं. रंजिता नाचत ओरडली, "मामा, आता तरी! ते वाट बघतायत!"

कमळू कीपरकडे बघत होता. तिकडे दहा जण एकमेकांच्या अंगावर पडलेले, आणि हा इकडे एकटा. मिठी मारायला कुणी नाही. दोन्ही हात वर करून तो एकदा गोल फिरला आणि खांबाला त्याने थोपटलं, बैलाला थोपटावं तसं. गलका ओसरला. खेळ परत सुरू झाला. तेव्हा जाळीपाशी पाणी प्यायला आलेला कीपर स्वतःशीच, अगदी हळू बोलला, "सोना नहीं. सोना नहीं."

कमळू पुढे वाकला. पहाटेच्या वेळी, डोळे जड झाले की माळ्यावर बसून तो हेच म्हणायचा. झोपू नको. झोपू नको. हे त्याने सकुबाईलाही कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ढाब्यावर आला तसा कोंडू दारातूनच ओरडला, "या, मुकेशेठ!"

एरवी कमळूने त्याची सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. तो बाकावर टेकला. "म्हना. शब्द दिलावता."

"म्हंजे तू गेलाच नायस," धर्मा म्हणाला.

"गेलो. पन त्यो बोलत व्हता. मी मधी कसा वरडू?"

गुणाबाईने पहिल्यांदा मान वर केली. "काय बोलत व्हता?"

कमळूने सांगितलं. कोंडू पोट धरून हसला, "आन हे ऐकाया एवढा लांब गेलास?" गुणाबाई हसली नाही. तिने एक भाकरी त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "परत सांग."

नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता एसटीचा कंडक्टरही त्याला मुका कमळू म्हणतो.

तेव्हा कधी टोकावड्याला उतरलात तर त्याला त्या नावाने हाक मारू नका. ते आमचं आम्ही म्हणू. त्याच्या शेजारी बाकावर बसा, दोन चहा सांगा, आणि तो कीपर बॉल लांब असताना काय करत होता ते विचारा. आणि एकदा तो सांगायला लागला, की कृपा करून मध्ये बोलू नका.