आलेले आणि आणलेले

माणसाला होणारे एकूण एक रोग फक्त दोनच प्रकारचे असतात, हे साऱ्या जगात एकट्या माझ्या बायकोच्या मामांना ठाऊक आहे. डॉक्टर होण्यासाठी लोक पाच-पाच वर्षं जे शिकतात तो मामांच्या मते निव्वळ वेळकाढूपणा. रोग एक तर आलेला असतो, नाही तर आणलेला असतो. हिवताप आलेला, दारूने सुजलेलं लिव्हर आणलेलं. अंगावर झाडाची फांदी पडली तर आलेलं, हेल्मेट न घालता खड्ड्यात उताणे पडलात तर आणलेलं. आलेल्यांचं सरकारने सगळं फुकट करावं, वर गाडीने घरी नेऊन सोडावं, आणि आणलेल्यांनी दवाखान्याची पायरीसुद्धा चढू नये. मामा हे हवेत बोलत नसत. जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे त्यांनी तीस वर्षं काढली होती. केसपेपरवर कारणाला रकाना नव्हता, तो मामांनी पट्टीने स्वतः आखला होता, आणि त्यात पेन्सिलीने ‘आ’ किंवा ‘आण’ लिहून मगच ते पेशंटला आत सोडत. तिथल्या डॉक्टरांना बरीच वर्षं तो रक्तगटाचा काहीतरी नवीन प्रकार वाटत होता.

निवृत्त होऊन ते विचुंब्याला नव्या इमारतीत राहायला आले आणि खिडकी गेल्यामुळे सगळ्या गावालाच केसपेपर समजू लागले. लिफ्टमध्ये कुणी खोकलं तर आधी ‘सिगारेट?’ म्हणून विचारत. चव्वेचाळिसाव्या वर्षी रोडपालीच्या मैदानावर क्रिकेट खेळताना माझा घोटा मोडला, तेव्हा मामा मोसंब्यांची पिशवी घेऊन मला दवाखान्यात बघायला आले. मी बॉलिंग करत होतो हे कळताच त्यांनी पिशवी पुन्हा उचलली. “ह्या वयात रनअप? जावईबापू, आणलेला!” असं म्हणून ती त्यांनी शेजारच्या कॉटवरच्या माणसाला दिली, कारण त्याला साप चावला होता. थोड्या वेळाने गप्पांत निघालं, की त्या गृहस्थाने खेकड्यासाठी आपणहून बिळात हात घातला होता. मामांनी पिशवी परत मागितली, पण तोवर त्याने दोन मोसंबी सोलली होती.

त्यांना गप्प बसवणं एकट्या मामींनाच जमायचं. एकदा जेवताना मामांचं हे वर्गीकरण रंगात आलं असताना मामींनी वाढता वाढता विचारलं होतं, “आणि बाळंतपण हो? ते आलेलं की आणलेलं?” मामा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मामी गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून मामांना अडवणारं कुणी उरलं नाही.

त्यातही रूप सुधारण्याच्या उपचारांवर त्यांचा विशेष दात होता. डाग, मुरुम, टक्कल हे रोगच नव्हेत, ही हौस आहे, असं ते म्हणत. “सरकारने लोकांना बरं करायचं का नटवायचं? उद्या म्हणाल, मेंदीसुद्धा दवाखान्यात काढून द्या!” मी मुद्दाम विचारायचो, “मामा, जन्मतःच ओठ फाटलेलं मूल असेल तर?” त्यावर ते म्हणत, “तो आलेला. त्याला आधी घ्या.” म्हणजे माणूस दुष्ट नव्हता. आणि ह्या सगळ्यावर बोलताना सत्तरीतले मामा आपल्या काळ्याभोर केसांवरून हात फिरवत. इतके काळे केस विसाव्या वर्षीही कुणाचे नसतात, पण हे त्यांना सांगायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या दारावर एक दिवसाआड लीलाबाई मासळी घेऊन यायच्या. उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावातल्या, पन्नाशीला टेकलेल्या, आवाज असा की तळमजल्यावर ‘बोंबीऽऽल’ म्हटलं की सातव्या मजल्यावर कढई चढायची. सकाळी दारोदार फिरून नंतर त्या बाजारात उघड्यावर पाटी मांडून बसत. गेल्या उन्हाळ्यात त्या तोंडाला ओढणी गुंडाळून येऊ लागल्या. मामांनी चौकशी केली, तेव्हा त्यांनी ओढणी बाजूला केली. गाल लालभडक, सोललेले, हनुवटीवर बारीक केस. मुलाचं लग्न ठरलं होतं, आणि होणारी विहीण गोरी होती. फोटोत शेजारी उभं राहायचं म्हणून बाईंनी दुकानातून गोरं करणारं मलम आणून वर्षभर लावलं होतं.

“पयले लय बेस वाटलं, काका. चेहरा निसता चमकला. आता उन्हात बसले की आग व्हते. सरकारी दवाखान्यात फुकट इलाज हाय का ह्याला?”

ज्या माणसाने तीस वर्षं खिडकी सांभाळली त्यालाच त्यांनी विचारलं, यात चूक काहीच नव्हती. पण मामांच्या हाती एकाच वेळी आणलेला रोग आणि वर हौस असा दुर्मीळ नमुना सापडला होता. त्यांनी दारातच व्याख्यान दिलं. मलेरियाची, टीबीची माणसं रांगेत असताना तुम्ही मधे उभ्या राहून कशाला जागा अडवता, असं शेवटचं वाक्य होतं. हे मला मामांनीच मोठ्या अभिमानाने सांगितलं. लीलाबाईंनी ओढणी बांधली, सुरमई कापून दिली आणि गेल्या. त्यानंतर त्या आल्याच नाहीत. पंधरा दिवसांनी मामा म्हणाले, “जावईबापू, तुमच्याकडे बोंबील कोण आणतं हो?”

मग भर मे महिन्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. “गाडी काढा. काही विचारू नका.” मी गेलो तर दारात माकडटोपी घातलेली एक आकृती उभी. टोपीच्या आत डोळ्यांच्या जागी दोन फटी, कपाळ पुढे आलेलं, कान फुगून लाल झालेले. केसांचा नवा कलप बाधला होता. एका खासगी डॉक्टरांनी गुरुवारची वेळ दिली होती, आणि सुजेचा रंग बघता गुरुवारपर्यंत मामांना दिसलं असतं याची खात्री नव्हती. त्यामुळे आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो.

खिडकीत एक तरुण मुलगी होती. “काय होतंय, काका?”

“आधी कारण लिहा,” टोपीतून आवाज आला.

“कारणाला रकाना नाही इथे.”

“आखा ना मग! लिहा, पेशंटने स्वतः ओढवून घेतलेलं आहे.”

“काका, सूज कुठे आहे ते मला दिसतंय. नाव सांगा.”

मामांनी नाव सांगितलं. उभ्या आयुष्यात इतक्या हळू आवाजात ते बोलले नसतील. कागद घेऊन आम्ही त्वचारोगाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी ओढणी गुंडाळलेली एक बाई होती. तिने वळून पाहिलं.

“काका, तुमी?”

“मी नाही,” मामा म्हणाले.

लीलाबाई हसायला लागल्या. गाल हुळहुळत असल्यामुळे त्यांना धड हसताही येत नव्हतं, म्हणून तोंड दाबून हलत राहिल्या. “तुमी कोन्तं मलम लावलंव?”

“केसांचं.” मग माकडटोपी सारखी करत मामा म्हणाले, “आमची ही होती तेव्हा ती लावून द्यायची. मागचं मला दिसत नाही. म्हणून आपलं जास्तच थापतो.”

मामींचं नाव त्यांनी सहा वर्षांत माझ्यासमोर काढलं नव्हतं. लीलाबाईंचं हसू थांबलं. त्या सांगू लागल्या, दोन महिने बाजारात बसल्या नव्हत्या, मासळी त्यांची जाऊ विकत होती. दवाखान्यात याआधी दोनदा येऊन दारातूनच परत गेल्या होत्या. आताही आतून त्यांचा नंबर पुकारला, तशा त्या उठल्या आणि जिन्याकडे वळल्या.

“कुठे निघालात?” मामा ओरडले.

“नको काका. डाक्टरीण बी बोलंल. तुमी बोललाव तसंच. आनि बराबरच हाय ते.”

मामा उठले. त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी त्यांनी अंदाजाने जाऊन लीलाबाईंच्या हातातला कागद घेतला आणि म्हणाले, “चला. बोलली तर मी आहे. तीस वर्षं बोललोय मी, मला उत्तरं माहीत आहेत.”

टोपीवाला आणि ओढणीवाली असे दोघे आत गेले, मागोमाग मी. डॉक्टर बाईंनी उजेडात गाल पाहिले, मलमाची डबी मागून घेतली, कधीपासून लावता, दिवसातून किती वेळा, एवढंच विचारलं, आणि लिहायला लागल्या. मामा वाट बघत होते. अखेर त्यांच्याच्याने राहवेना. “तुम्ही यांना विचारलं नाहीत, का लावलं म्हणून?”

डॉक्टर बाईंनी मान वर केली. “विचारून औषध बदलणार आहे का, काका? टोपी काढा तुम्ही आता.”

आम्ही परत आलो. डॉक्टर बाईंनी दोघांनाही ताकीद दिली होती. सांगेपर्यंत चेहऱ्याला काही म्हणजे काही लावायचं नाही, आणि लीलाबाईंनी उन्हात बसायचं नाही. ही दुसरी अट कशी पाळायची ह्याचा विचार मामांनी दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सोसायटीच्या बागेतली मोठी छत्री नाहीशी झाली. मामा सोसायटीचे सेक्रेटरी. छत्री दुरुस्तीला गेली आहे, अशी नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने केली. मी तिला मासळीबाजारात पाहिलं. खाली लीलाबाई पापलेटं मांडून बसल्या होत्या आणि मामा खुर्ची टाकून गिऱ्हाइकांना ताजा मासा कसा ओळखावा हे सांगत होते. त्यातलं त्यांना काहीही कळत नाही. आता सोसायटीत कुणी विचारलंच, तर छत्रीचं दुखणं जुनं आहे, वेळ लागेल, असं ते सांगतात.

पावसाळा संपल्यावर लीलाबाईंच्या मुलाची हळद झाली. आगरी हळद म्हणजे सगळं गाव मांडवात. आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा नवऱ्यासकट एकही माणूस पिवळा व्हायचा राहिला नव्हता. विहीणही पिवळीधमक झाली होती, ती गोरी होती हे कुणी सांगूनही पटलं नसतं. स्पीकरच्या आवाजाने खुर्च्या थरथरत होत्या. त्या सगळ्यांत फक्त दोन चेहरे कोरे होते. मामांच्या गालाला हळद लावायला आलेल्या एका मुलीचा हात लीलाबाईंनी वरच्या वर धरला. “त्यांना नको, बाय. आमा दोगांना मनाई हाय.”

लाली गेली होती, पण त्यांच्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग राहिले होते. पूर्ण जातीलच असं नाही, हे डॉक्टर बाईंनी आधीच सांगितलं होतं. मामांचं डोकं आता पांढरंशुभ्र झालं होतं, नुसतं टोकांना थोडं काळं उरलं होतं. फोटोवाल्याने दोघांना शेजारी बसवलं. लीलाबाईंनी पदर गालावर ओढला, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा मागे टाकला.

“आमच्या हिने मला असं कधी पाहिलंच नाही,” मामा म्हणाले. “आज आली असती तर ओळखलं नसतं.”

“वळखलं असतं, काका,” लीलाबाई म्हणाल्या. “घरच्या मानसाला चेहरा नाय लागत.”

“काका, इकडे बघा, इकडे!” फोटोवाला ओरडत होता. लीलाबाई बघत होत्या. मामांना मात्र वर बघायला जरा वेळ लागला.