फाटकाबाहेरची ओळख

बीडच्या तुरुंगाजवळ मिशनचं एक घर होतं. कैद्यांच्या घरची माणसं भेटीला आली की तिथं उतरायची आणि त्यांची उठबस मी करायची. नवरा गेल्यावर मिशननं हे काम मला दिलं. दोन खोल्या, पुढं पडवी आणि पडवीत चार चुली. चार कशाला, तर आमच्या हातचं कुणी खायचं नाही. आम्ही पडलो बाटलेले. मग मी ज्वारीचं पीठ, डाळ, मीठ, सरपण काढून द्यायची आणि लांब बसायची. एका चुलीवर बागवानाची म्हातारी, दुसऱ्या चुलीवर कुणाची तरी सून. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. पुढं सवय झाली.

आणखी एक रीत होती. ती मिशनच्या मडमबाईंनी घातलेली नव्हती, येणाऱ्या बायकांनीच पाडलेली. फाटकाबाहेर ओळख दाखवायची नाही. आठवडी बाजारात समोरासमोर आलो तरी तिनं मिरच्या बघायच्या, मी वांगी. मिशनच्या त्या बाईला जी ओळखते तिच्या घरचं कुणीतरी आत आहे, हे न सांगता कळायचं. बाकी काहीही पाळलं असतं मी, पण हे मला जड जायचं. माझी जीभ टाळूला लागत नसे.

नेकनूरच्या बाजूची एक बाई दर महिन्याला यायची. तिच्या नवऱ्यानं बांधाच्या भांडणात कुऱ्हाड उचलली होती आणि समोरचा माणूस मेला होता. गाव सोडून ती मुलीला घेऊन भावाकडं राहायला गेली होती. तिथं सगळ्यांना सांगितलेलं, नवरा हैद्राबादला चाकरीला आहे. मुलीला तिनं चार वर्षांत एकदाही भेटीला आणलं नाही. कुणी बघितलं तर, म्हणायची. एकदा भाकरी थापता थापता तिनं मला सांगितलं, "बाई, पोरीला अंबाजोगाईकडचं स्थळ आलंय. लई चांगली मानसं हायत. एवढं पार पडू द्या." नवऱ्यालाही तिनं तसं सांगितलं होतं. तो आत खोकत होता आणि त्या लग्नावर डोळे लावून बसला होता. मी म्हटलं, मी रोज प्रार्थना करीन. आणि करतही होते.

मग नारायणगडची जत्रा आली. आमची मिशनची मंडळी जत्रेत भजनं म्हणायला जायची, तशी मीही गेलते. एका झाडाखाली ती दिसली. या महिन्याची भेट तिनं चुकवली होती, म्हणून मला काळजी लागलेली. तिला धडधाकट बघून इतकं बरं वाटलं की पाय आपोआप वळले. शेजारी नव्या लुगड्यातली मुलगी होती, तिचा मामा होता आणि चार परकी माणसं बसलेली. मला दिसली ती एकटीच.

"आगं, या बारीला भेटीला कावून आली न्हाईस? तुरुंगाचा जमादार इचारत होता. त्यांचा खोकला लई वाढलाय."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कोन तुमी?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, ही अंबाजोगाईची माणसं. फेटा बांधलेला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि मुलीच्या मामाकडं बघायला लागला. मामा खाली मान घालून बसला. मी काहीतरी पुटपुटले, माणूस चुकला म्हणाले, पण ते कुणी ऐकलंच नाही. लग्न तिथंच मोडलं.

मडमबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तू खरं तेच बोललीस. मला त्यांचा संताप आला. खोटं बोलू नये हे मीही दर रविवारी म्हणत होतेच की. त्या बाईचाही राग आला, असलं लपवून पोरगी द्यायची कशाला म्हणून. सगळ्यांवर रागावून झालं तरी जेवण जाईना.

पुढच्या भेटीला ती आली. नवऱ्याला आता हैद्राबादच्या तुरुंगात हलवणार होते, ही शेवटचीच भेट. दुसरीकडं उतरायला जागा नव्हती, म्हणून माझ्याच पडवीत आली. बरोबर मुलगी. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं, म्हणून आणली होती. मी पीठ पुढं केलं. तिनं घेतलं. मी पाय धरायला वाकले, तर ती सरपण आणायला निघून गेली. मुलगी मात्र भराभर वेणी घालत होती. "आबा मला वळखतील का?" तिनं मलाच विचारलं.

जमादार उर्दूत बोलायचा, बायका बावरायच्या, म्हणून मी सोबत जायची. दारात तो तिला म्हणाला, "तेरा मरद रोज पूछता, बेटी की शादी हुई क्या." ती थांबली. मुलीच्या मोकळ्या गळ्याकडं तिनं बघितलं आणि म्हणाली, "तू हितंच बस."

"आये, कावून?"

"बस म्हनलं ना."

खोटे काळे मणी पोरीच्या गळ्यात घालायला ती तयार झाली नसती, आणि ते सुचवायचं तोंड मला नव्हतं. आम्ही दोघीच आत गेलो.

गजाआडचा माणूस निम्मा राहिला होता. त्यानं पहिलं तेच विचारलं. ती म्हणाली, "झालं. लई झोकात झालं. पोरगी नांदायला गेली. मानसं लई मायाळू हायत." वऱ्हाड किती होतं, जेवायला काय केलं, सगळं त्यानं विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. रडताना तो हसत होता. मग माझ्याकडं वळून त्यानं हात जोडले. "बाई, माज्या मानसांना तुमी आसरा दिला. लई उपकार झाले." भिंत आणि पन्नास पावलं, एवढ्या अंतरावर त्याची मुलगी बसली होती.

बाहेर आलो तशी ती उठून धावत आली. आई न थांबता पुढं चालत राहिली. मुलीनं माझा हात धरला.

"आबांनी माझं इचारलं का?"

"सगळं तुझंच इचारलं," मी म्हणाले.